न झालेल्या धावांचा हिशेब

तत्त्वज्ञानाच्या माणसानं क्षेत्ररक्षणावर काय बोलायचं, असं दोघातिघांनी विचारलं. आमचं उत्तर असं, की या विषयावर बोलायला तत्त्वज्ञानाचाच माणूस लागतो. फलंदाजानं केलेली धाव ही घडलेली गोष्ट आहे, ती मोजता येते. क्षेत्ररक्षकानं वाचवलेली धाव घडलेलीच नसते. मग ती मोजायची कशी?

आधी खेळ समजून घेऊ. वेगवेगळ्या काळातले खेळाडू एकत्र आणून काल्पनिक लीग खेळायची, हा छंद आता आपल्याकडेही रुजलाय. मर्चंट, हजारे, वाडेकर, गावसकर, रहाणे असे सगळे एका कागदावर आणायचे आणि फाशांनी किंवा संगणकावर सामने लावायचे. अमेरिकेत बेसबॉलचं हे वेड जुनं आहे. १९६१ साली हॅल रिचमन यांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा पत्त्यांचा आणि फाशांचा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक ते पाच असा दर्जा असतो, एक म्हणजे उत्तम. हा आकडा कुणी आणि कशावरून द्यायचा, यावर लोक वर्षानुवर्षं भांडत आलेत, आणि ते भांडण आम्हाला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडचा या खेळाचा पूर्वज म्हणजे शाळेच्या मागच्या बाकावरचं बुक क्रिकेट. पुस्तक उघडायचं, पानाच्या आकड्याचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की बाद. त्यात फलंदाज आहे आणि ओढूनताणून गोलंदाजही आहे. क्षेत्ररक्षक मात्र नाहीच. एकनाथ सोलकर बुक क्रिकेटमध्ये जन्मालाच येऊ शकत नाही. हसू नका. आजच्या बऱ्याच सार्वकालिक संघांची तऱ्हा हीच आहे. आधी धावा नि बळी बघून अकरा जण निवडायचे, आणि मग त्यातल्या कुणाला तरी स्लिपमध्ये उभं करायचं.

ज्यांना हे खटकतं ते झेल मोजतात. इथं दुसरा घोळ सुरू होतो. जॉन्टी ऱ्होड्सचे कसोटी झेल किती? ५२ सामन्यांत ३४. राहुल द्रविडचे १६४ सामन्यांत २१०. सरासरी काढली तर द्रविड ऱ्होड्सच्या जवळजवळ दुप्पट भरतो. दक्षिण आफ्रिकेच्याच कॉलिन ब्लँडला १९६०च्या दशकातला सर्वोत्तम कव्हर म्हणत. त्याचे २१ कसोटींत १० झेल. आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर ब्लँडला बारावा खेळाडू म्हणूनही कुणी घेणार नाही. झेल हे माणसाचं मोजमाप नसून तो जिथं उभा होता त्या जागेचं मोजमाप आहे. स्लिपकडे झेल चालत येतात. कव्हरकडे धावा येतात, आणि कव्हर चांगला असेल तर त्याही येत नाहीत.

यष्टिरक्षकांचं तेच. किरण मोरेनं जानेवारी १९८८ला मद्रासच्या कसोटीत सहा जणांना यष्टिचीत केलं. काल्पनिक लीगवाले लगेच मोरेला यष्टिचीतसाठी वरचा दर्जा देतात. पण त्या सामन्यात नरेंद्र हिरवाणीनं १६ बळी घेतले होते, खेळपट्टी फिरत होती, आणि वेस्ट इंडिजचे फलंदाज पुढं धावत येत होते. मोरेचे हात चांगले होते, शंकाच नाही. त्या सहापैकी मोरेचे किती आणि हिरवाणीचे किती, हे मात्र धावफलक सांगत नाही.

बेसबॉलमध्ये ‘एरर’ म्हणून एक नोंद असते. हाताशी आलेला चेंडू सोडला की नावावर चूक लागते. वरवर न्याय्य वाटतं. पण जो जड पायाचा माणूस चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या नावावर काहीच लागत नाही. जो पळत जाऊन बोटं लावतो तो दोषी, आणि जो जागचा हलत नाही तो स्वच्छ! बिल जेम्स यांनी १९७०च्या दशकात हे उलटं धरलं. किती चुकला ते सोडा, किती चेंडूंपर्यंत पोचला ते मोजा. ही सुधारणा मोठी होती, पण तीही पुरी पडत नाही, कारण चेंडू कुणाकडे किती आले हा प्रश्न उरतोच.

आता आमच्या घरचं सामान काढतो. वैशेषिकांनी पदार्थांच्या यादीत सातवा पदार्थ मानला तो अभाव. ‘नसणं’ हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. पण नुसता अभाव नसतो. तो कशाचा तरी अभाव असतो, आणि ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी. भाट्ट मीमांसक नि अद्वैती पुढं विचारतात, अभाव कळतो कशानं? त्यांचं उत्तर अनुपलब्धी. मात्र तिला अट आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, आणि टेबलावर पुस्तक दिसत नाही, तर ते नाही. अंधाऱ्या खोलीत दिसलं नाही म्हणून ‘नाही’ म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

जुना धावफलक ही अंधारी खोली आहे. मार्च १९४९मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. त्यात किती झेल सुटले आणि किती चौकार अडले? कागद गप्प आहे. फार लांब कशाला जायचं, आपल्या गहुंज्याचंच घ्या. फेब्रुवारी २०१७, तिथली पहिली कसोटी. स्टीव्ह स्मिथच्या नावापुढं दुसऱ्या डावात १०९ आहेत. त्या डावात तो निदान तीनदा सुटला. धावफलकात त्याची खूण नाही, आपण पाहिलं म्हणून माहीत. १९४९चं पाहणारे किती उरले?

मग लीगवाले अंधार भरतात कशानं? कीर्तीनं. आणि कीर्ती कॅमेऱ्याच्या मागं जाते. ऱ्होड्सनं १९९२च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करताना घेतलेली झेप सगळ्यांना पाठ आहे. ती थोर होतीच. पण जो चेंडू सुटण्याआधीच अंदाज घेऊन दोन पावलं सरकतो त्याला झेपावं लागत नाही, आणि त्याचा फोटोही निघत नाही.

चाकण-भोसरीत नोकरी केलेल्या मंडळींना हे नवीन नाही. मशीन बंद पडलं आणि मेंटेनन्सवाल्यानं रात्री येऊन दोन तासांत सुरू केलं, तर सकाळी कौतुक. ज्यानं वेळेवर बेअरिंग बदललं म्हणून ते बंदच पडलं नाही, त्याच्या अप्रेझलमध्ये काय लिहायचं? कंपनीच्या गेटवर फलक असतो, अपघाताविना इतके दिवस. तो वाचताना आमच्यातला मीमांसक विचारतो, खोलीत उजेड होता का? अपघात झाला असता तर तो रजिस्टरात आला असता का? कंत्राटी पोराचं बोट प्रेसखाली गेलं आणि त्याला परस्पर खासगी दवाखान्यात नेलं, तर फलकावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकानं वाढतोच. तो शून्य सुरक्षेचा नव्हे, अंधाराचा. सेफ्टी ऑफिसर खरोखर दक्ष असेल तर त्याचा शून्यही अगदी तसाच दिसतो, आणि दोघांना बढती सारखीच मिळते. क्षेत्ररक्षणाचा प्रश्न आम्हाला खेळापुरता का वाटत नाही, ते यावरून कळेल.

तर निवड करायची कशी? आमचं मत असं, की अंधाऱ्या काळासाठी आकडे सोडा आणि दुसऱ्यांचं वागणं बघा. कर्णधारानं त्याला कुठं उभं केलं? त्याच्या असण्यानं गोलंदाज काय करू धजला? कुणाकडे चेंडू गेला की फलंदाज ‘नको’ म्हणून ओरडत? अभाव स्वतः दिसत नाही, पण त्याच्या भोवतीची माणसं आपली चाल बदलतात, आणि ती दिसते.

या कसोटीवर सोलकर पहिला. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा मुलगा, २७ कसोटींत ५३ झेल, आणि तेही बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. कुणी म्हणेल, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन असल्यावर झेल येणारच. बरोबर. पण उलटही खरं आहे. फलंदाजाच्या नाकाखाली असा माणूस उभा असल्यावर फिरकी गोलंदाज पायाकडची रेषा निर्धास्त पकडू शकतो. ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या डावात ९० करणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात १ धावेवर वेंकटच्या चेंडूवर गेला, सोलकरनं पुढं झेपावून जमिनीलगत घेतलेल्या झेलावर. इंग्लंड १०१. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी नॉटनं बॅट पुढं ढकलली तो चेंडू दुसऱ्या कुणाच्या पुढं टप्पा खाऊन पडला असता, आणि धावफलकाला त्याचा पत्ताही लागला नसता.

यष्टींमागं आम्ही नरेन ताम्हाणेंना घेऊ, २१ कसोटींत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत. मोरेपेक्षा आकडा मोठा म्हणून नव्हे, तर सुभाष गुप्त्यांची गुगली ज्यानं घेतली त्याला बाकी सगळं सोपं. गलीत रहाणे, २०१५ला गॉल कसोटीत ८ झेल घेणारा. तिथं उजेड आहे, वाद नको. पहिल्या स्लिपला द्रविड, मराठी घरातला म्हणून आपला. कव्हरची जागा मात्र आम्ही रिकामी ठेवलीय. तिथं कुणाला उभं करायचं हे श्रोत्यांनी सुचवावं, पण सोबत झेलांचा आकडा आणू नये. त्याच्याकडे चेंडू गेल्यावर समोरचे कसे थांबत, ते पाहिलेला माणूस आणावा.