ऐंशी टक्के, पण कुठल्या उष्णतेचे?

2016च्या दुष्काळात वाळूजच्या बिअर कारखान्यांचं पाणी हायकोर्टापर्यंत गेलं. औरंगाबाद खंडपीठानं 60 टक्क्यांपर्यंत कपात लावली. पाण्याचा हिशेब तेव्हा सगळ्यांनी मागितला, वाफेचा कोणी मागितला नाही. तो आज आम्ही मागतो आहोत.

बिअर कारखान्याला सहवीजनिर्मिती शोभून दिसते, असं नेहमी सांगतात. एकाच इंधनातून वीजही आणि उष्णताही. बडनेऱ्याहून जवळच नांदगाव पेठेचं 1350 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तिथे कोळशाची निम्म्याहून जास्त उष्णता वीज न होताच बाहेर जाते, त्यातली बरीचशी कूलिंग टॉवरवाटे. गॅस इंजिन कारखान्यातच बसवलं तर साधारण 40 टक्के वीज आणि जवळपास तेवढीच उष्णता हाती लागते. जाहिरातीतले 80 टक्के ते हे.

आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. इंजिनाची उष्णता दोन वाटांनी निघते. धुराड्यातला वायू 400 अंशांच्या आसपास असतो, त्यावर वाफ करता येते. उरलेली, म्हणजे जवळजवळ निम्मी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात जाते, आणि ते पाणी 90 अंशांचं. आता माल्टचा गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, तो उकळायला 100 अंश लागतात. नव्वदच्या पाण्यानं शंभरचं उकळत नाही बाप्पा!

मग ते पाणी बाटल्या नि टाक्या धुवायला वापरू, म्हणतात. पण उकळलेला वर्ट थंड करतानाच कारखान्याला 80 अंशांच्या आसपासचं भरपूर पाणी मिळालेलं असतं. एकाच गिऱ्हाइकाच्या दारात दोन दूधवाले! एकाचं दूध परत जाणार. इंजिनाची ती उष्णता रेडिएटरवर फेकली की 80चे 60 झाले. साखर कारखान्याचा दाखला इथे म्हणूनच लागू होत नाही. तिथे टर्बाइनमधून निघालेली वाफच उसाचा रस आटवायला चालते.

आमचं भांडण इंजिनाशी नाही, त्याच्या मापाशी आहे. माप विजेच्या बिलावरून घेतात. ते घ्यायला हवं वर्षभराच्या वाफेच्या आणि गरम पाण्याच्या नोंदींवरून, आणि तेही वर्ट उकळताना वर उडणारी वाफ पकडून पुन्हा कामाला लावल्यानंतर. ही वाफ आधी पकडली तर लहान इंजिन पुरतं. नंतर पकडली तर विकत घेतलेलं इंजिनच मोठं ठरतं.