आमच्या प्रवासवर्णनांतील विलायत

विलायत हा शब्द आमच्या वऱ्हाडात घरोघरी परिचित होता. विलायत मात्र क्वचितच कोणी पाहिली होती. इकडचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाई. हल्लीच्या वाशिम जिल्ह्यातील कारंज्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखाली होती. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे घडले आणि १९९४ पर्यंत या मुलखात धावले. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाविषयीचा दिगंबर आणि श्वेतांबर यांचा वाद तर थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि त्याचा निकाल १९२९ साली तेथे लागला. कापूस गेला, दाव्याचे कागद गेले, पण माणूस बहुधा मागेच राहिला. त्याने विलायत पाहिली ती पुस्तकांतून.

ही पुस्तके दोन प्रकारची होती. एक, शाळा-कॉलेजांतील क्रमिक पुस्तके. त्यांतील इंग्लंड म्हणजे सरोवरे, कुरणे, जुनी देवालये आणि सद्‌गृहस्थांची मायभूमी. प्रस्तुत लेखकाने हेच इंग्लंड अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकविले आहे आणि स्वतःच्या विद्यार्थिदशेत त्या देशात भिकारी असू शकेल ही कल्पनाही त्याच्या मनास शिवली नव्हती. दुसरी पुस्तके म्हणजे आमच्याच लोकांनी लिहिलेली प्रवासवर्णने. पहिलीने करून दिलेला समज तपासून पाहण्याचे काम वस्तुतः या दुसरीचे होते. ते त्यांनी कितपत केले, हा प्रश्न रसिकांपुढे ठेवण्यासारखा आहे.

१९१९ साली न. चिं. केळकर होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर विलायतेस गेले. त्यांची ‘विलायतची बातमीपत्रे’ ही राजकारणी पुरुषाची पत्रे आहेत. ज्या कामासाठी माणूस जातो त्याच कामाच्या खिडकीतून त्याला देश दिसतो, यात त्याचा दोष नाही. पु. ल. देशपांडे १९५८ च्या सुमारास बी.बी.सी.मध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यास गेले आणि १९६० साली ‘अपूर्वाई’ प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचे मोठे ऋण असे की, त्याने मराठी वाचकाच्या मनातील विलायतेचा धाक हसत हसत उतरविला. येथे लेखक आधी स्वतःला हसतो, मग इंग्रजाला. त्यामुळे पूजकाचा भाव गेला आणि जिताचा कडवटपणाही गेला. तथापि ‘अपूर्वाई’तील इंग्लंड मुख्यतः पाहुण्याचे व कलावंताचे इंग्लंड आहे. मीना प्रभु यांच्या ‘माझं लंडन’मध्ये, तेथे संसार थाटलेल्या बाईची घरगुती ओळख तिला जोडली गेली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु इंग्रजी जीवनाची झाकलेली बाजू ज्या मराठी व्यक्तीने सर्वांत खोल पाहिली, तिने ती आपल्या प्रवासवर्णनात लिहिलेलीच नाही, हे मोठे आश्चर्य होय. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन निघाल्या. त्याच वर्षी त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्र पुस्तकरूपाने निघाले. ते मुख्यतः समुद्रप्रवासाचे व गमनाच्या कारणांचे पत्र आहे. देश अजून पुढेच होता. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींचे एक कार्यस्थान लंडनमधील फुलम येथे होते आणि तेथे वाममार्गास लागलेल्या स्त्रियांना आश्रय देण्यात येई. सभ्य इंग्रज पाहुण्याला जे दाखवीत नाही, ते रमाबाईंनी तेथे पाहिले. तेथील समाजातही स्त्रिया पतित होत आणि तेथील समाजही त्यांना टाकून देई. पण टाकलेल्यांना जवळ करणाऱ्या बायकाही त्याच समाजात होत्या. आमच्याकडे अशा स्त्रीस दार बंद असे. हा फरक का, असे त्यांनी भगिनींना विचारले आणि त्या प्रश्नाने त्यांच्या आयुष्यास वळण लागले.

ही हकीकत वाचकांस मिळाली ती १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनात, म्हणजे सुमारे चोवीस वर्षांनी. तोपर्यंत केडगावच्या मुक्तिसदनात अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले होते. अनुभवाचे आधी काम झाले, मग लेख झाला.

रमाबाईंची दृष्टी भाबडी होती असेही नव्हे. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहिल्या आणि तेथे त्यांनी संस्कृत शिकविले. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे अशी गोष्ट निघताच हिंदुस्थानातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीस्वातंत्र्याचे माहेर म्हणून जो समाज आम्ही नावाजीत होतो त्याच्या मर्यादा या बाईला आतून कळल्या आणि तिने पत्रांतून त्यांच्याशी निर्भयपणे वाद घातला. उपकार घेतले, पण बुद्धी गहाण ठेवली नाही.

अशीच एक गोष्ट कापसाच्या मुलखातील वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ लागलेल्या त्या भागात गिरणीच्या बायकांनीच त्यांचे आनंदाने स्वागत केले. आमचा कापूस ज्यांच्या हातून सूत होऊन जाई ती माणसेही बेकार व कष्टी होती, हे ज्ञान एकाही क्रमिक पुस्तकाने आम्हास दिले नव्हते.

यावरून निघणारे तात्पर्य एवढेच. फारशा कोणी न पाहिलेल्या जागा हुडकून काढल्याने देश कळतो असे नाही. नाही तर गाईड घेऊन आडवाटेला जाणारा प्रत्येक जण जाणकार ठरला असता. आपल्या घरचा एखादा अवघड प्रश्न बरोबर घेऊन जो जातो, त्याला परका समाज आपली माजघराची बाजू दाखवितो. आज आमच्या गावांतूनही मुले-मुली उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जातात आणि आपण त्यांच्याकडून पुलांची व राजवाड्यांची छायाचित्रे मागवितो. त्याऐवजी त्यांस विचारावे की, तेथील म्हाताऱ्यांना कोण सांभाळते, आजारी मजुराचे काय होते, टाकलेल्या बाईस कोण जवळ घेते. त्यांनी ही उत्तरे शोधून मराठीत लिहिली, तर रमाबाईंनी न लिहिलेला ग्रंथ उशिरा का होईना आपल्या भाषेस मिळेल.