उद्याच्या जगात राबणार कोण?

गेले काही महिने मी जुन्या विज्ञानकथा वाचतोय. हे कळल्यावर आपल्यातलेच काहीजण म्हणतात, इथं माणसाला माणूस म्हणून जगू देत नाहीत आणि तू कुठं मंगळावर निघालास? हे पोट भरलेल्यांचं वाङ्मय. आपल्याला काय करायचंय?

आक्षेप निम्मा खरा आहे. या वाङ्मयात भुसा पुष्कळ. गोऱ्या पोरानं अग्निबाण उडवायचा, परग्रहावर झेंडा रोवायचा, तिथल्या हिरव्या माणसांना गोळ्या घालायच्या आणि पोरगी घेऊन घरी यायचं. असली पुस्तकं रद्दीत घाला, माझी हरकत नाही. पण आक्षेप निम्मा खोटाही आहे. उद्याचं जग रंगवणारा लेखक आभाळातून पडलेला नसतो. आजच्या समाजाचाच नकाशा तो उद्यावर टाकतो. गाड्या बदलतो, शहरं बदलतो. त्या शहराचा मैला कोण उपसतं हे लिहायची वेळ आली, की तो कुठल्या बाजूचा ते उघडं पडतं.

म्हणून मी एकच प्रश्न खिशात घालून वाचत गेलो. या जगात राबतं कोण? आणि जो राबतो त्याला पुस्तकात बोलायला जागा किती? समीक्षक कल्पनेची झेप मोजतात, मोजू देत. आपलं माप हे. या मापानं पाच गोष्टी तपासल्या, त्या तुमच्यापुढं ठेवतो.

पहिलं पुस्तक एच. जी. वेल्सचं, 'द टाइम मशीन'. साल १८९५. एकजण काळात पुढं जाणारं यंत्र बनवतो आणि थेट ८०२७०१ सालात उतरतो. तिथं वर उजेडात इलॉय नावाची गोंडस, नाजूक माणसं राहतात. काम म्हणून करत नाहीत. फळं खातात, फुलं माळतात, हसतात. याला वाटतं, आला स्वर्ग. मग विहिरींसारखी भोकं दिसतात आणि आतून यंत्रांचा धडधडाट ऐकू येतो. खाली मॉरलॉक राहतात. यंत्रं तेच चालवतात, वरच्यांचे कपडे, जोडे तेच पुरवतात. आणि अंधाऱ्या रात्री वर येऊन इलॉयना धरून नेतात, खातात. प्रवासी याचं कारण साफ मांडतो. भांडवलदार आणि मजूर यांच्यातली दरी रुंदावत गेली आणि शेवटी एका माणसाचे दोन निराळे प्राणी झाले.

हे वेल्सला सुचलं कुठून? त्याची आई अपपार्क नावाच्या एका बड्या वाड्यात हाउसकीपर होती. तिथली नोकरमाणसं तळघरात राबायची. जायला-यायला जमिनीखालून बोगदे होते. वेल्स स्वतः पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी करून आलेला. तळघर त्यानं पाहिलं होतं, म्हणून आठ लाख वर्षं पुढं गेल्यावरही ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही, असं मला वाटतं.

पण पुढं बघा. हा प्रवासी इलॉयची भाषा थोडीफार शिकतो. वीना नावाच्या इलॉय पोरीवर त्याची माया जडते. खाली उतरल्यावर मॉरलॉकांना तो एकदा हाक मारून बघतो, यांची बोली निराळी दिसते म्हणतो आणि नाद सोडतो. त्यानंतर त्यांच्याशी बोलतो ते लोखंडी दांड्यानं. अख्ख्या पुस्तकात मॉरलॉकाच्या तोंडचं एक वाक्य आपल्यापर्यंत येत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अंधारात यंत्रं चालू ठेवली त्यांना स्वतःबद्दल काय वाटतं, हे विचारायची वेल्सला गरज वाटली नाही. अन्याय त्यानं ओळखला. पण खालचे वर येतील याची भीती त्याला जास्त आहे. पुस्तक मोठंच आहे, वाचाच. फक्त मॉरलॉकाच्या बाजूला उभं राहून वाचा.

दुसरं आहे नाटक. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.'. १९२० साली छापलं गेलं, १९२१ च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं. 'रोबॉट' हा शब्द जगाला या नाटकानं दिला. तो सुचवला कारेलच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीनं करायचं काम. आपल्याला यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. वेठ. रोबॉट म्हणजे वेठबिगार. मराठीत आपण 'यंत्रमानव' म्हणालो आणि शब्द पार धुऊन टाकला. त्यातला घाम गेला, लोखंड उरलं.

नाटकातले रोबॉट तर लोखंडाचे नाहीतच. एका बेटावरच्या कारखान्यात मांसासारख्या पदार्थापासून ते घडवतात, दिसायला हुबेहूब माणसं. कारखान्याचा मुख्य डोमिन स्वप्न सांगतो की सगळी कामं रोबॉट करतील, माल मातीमोल होईल आणि माणूस कष्टातून सुटेल. यातला 'माणूस' कोण, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. दोन जागा नीट वाचा. रोबॉटला वेदना नसते, म्हणून तो यंत्रात हात घालतो, बोट मोडून घेतो. तेव्हा डॉक्टर गाल त्याला वेदना द्यायची असं ठरवतो. दया आली म्हणून नाही बरं का. मालाची नासाडी थांबावी म्हणून! दुसरी जागा अशी. अधूनमधून एखादा रोबॉट हातातलं सगळं फेकून देतो, दात खातो, काम करेनासा होतो. साहेबलोक म्हणतात, हा यंत्रातला बिघाड, मोडीत घाला याला. हेलेना नावाची पाहुणी विचारते, बिघाड कशावरून? आत काही जागं झालं नसेल कशावरून? 'नाही' म्हणणाऱ्याला बिघडलेला ठरवायची ही रीत आपण शाळेत, कचेरीत, गावात पाहिलेली आहे.

शेवटी रोबॉट उठतात, माणसं मारतात. सोडतात एकट्या अल्क्विस्टला, कारण तो त्यांच्यासारखा हातानं काम करतो. पण नवे रोबॉट घडवायची कृती तोवर जळून गेलेली असते. जिंकलेत, पण वंश पुढं कसा चालायचा? उठाव झाला, उद्या सकाळी काय? चळवळीतल्या माणसानं हा शेवटचा भाग दोनदा वाचावा. आणि एक ध्यानात ठेवा. जगाला वेठीसाठी नवा शब्द देणारा योसेफ चापेक १९४५ साली नाझींच्या बेर्गेन-बेल्सेन छळछावणीत मेला.

तिसरा आयझॅक असिमॉव्ह. 'आय, रोबॉट' हा त्याचा कथासंग्रह १९५० चा. त्याचे तीन नियम पोरासोरांनाही पाठ असतात. रोबॉटनं माणसाला इजा होऊ द्यायची नाही. माणसाची आज्ञा पाळायची. आणि या दोहोंच्या आड येत नसेल तरच स्वतःचा जीव राखायचा. ही उतरंड बघा. आधी मालकाचा जीव, मग मालकाचा शब्द, तळाला स्वतःचा जीव. असल्या उतरंडीचे ग्रंथ आपल्याला नवे नाहीत.

असिमॉव्ह हुशार आहे, आणि लपवाछपवी करत नाही. 'रनअराउंड' या १९४२ च्या गोष्टीत त्याचीच पात्रं बोलून दाखवतात की जुन्या रोबॉटांत गुलामी मुद्दाम भरलेली होती. 'लिटल लॉस्ट रोबॉट' या १९४७ च्या गोष्टीत एक वैतागलेला माणूस शिव्या हासडून रोबॉटला म्हणतो, तोंड काळं कर. रोबॉट आज्ञा पाळतो. आपल्यासारख्याच ६२ जणांत जाऊन मिसळतो. मग सगळे शहाणे त्याला हुडकायच्या मागं लागतात. गोष्ट झकास रंगते, पण आपल्याला बसवलेलं असतं तपासणाऱ्यांच्या खुर्चीत. त्या त्रेसष्टाव्याची बाजू त्याच्या तोंडून कुणी सांगतच नाही. असिमॉव्ह जरूर वाचा. वाचताना 'रोबॉट' खोडून तिथं 'गडी' घालून बघा. मग काही पानांवर हसू येणार नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते दोघं. दोघंही काळे, अमेरिकेतले. त्यांचं-आपलं नातं जुनं आहे. दलित पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती, आणि डु बॉइसचं उत्तरही आलं होतं. हा माणूस आपल्याला विचारवंत, लढवय्या म्हणून ठाऊक. त्यानं एक विज्ञानकथा लिहिली हे फारसं कुणी सांगत नाही. तिचं नाव 'द कॉमेट'. १९२० साली, म्हणजे चापेकचं नाटक छापलं त्याच वर्षी, 'डार्कवॉटर' या त्याच्या पुस्तकात ती आली.

जिम हा न्यूयॉर्कच्या बँकेतला काळा निरोप्या. पृथ्वी धूमकेतूच्या शेपटातून जाणार असते. बँकेचा साहेब जिमला अगदी तळाच्या, पाणी झिरपणाऱ्या कोठडीतून जुनी दप्तरं आणायला धाडतो. धोक्याची जागा, म्हणून जिम! तो खाली असतानाच धूमकेतूचा विषारी वायू येतो आणि वरचं सगळं शहर मरतं. तळघरात ढकललेला तेवढा वाचतो. तो बाहेर येतो, भूक लागते, एका बड्या हॉटेलात शिरून खातो. काल इथं त्याला कुणी वाढलं नसतं. सगळं जग मेल्यावर याला ताटावर बसायला मिळालं. पुढं एक श्रीमंत गोरी बाई जिवंत सापडते. दोघं शहर पालथं घालतात. हळूहळू तिच्या नजरेतून काळा-गोरा गळून पडतो, माणूस तेवढा उरतो. आणि त्याच घडीला मोटारीचा भोंगा वाजतो. तिचा बाप आणि होणारा नवरा येतात. मेलं ते फक्त न्यूयॉर्क, बाकीचं जग शाबूत आहे. जग शाबूत म्हणजे सगळं शाबूत. शिवी आली, फासावर टांगायची भाषा आली, बापानं खिशातून काढून दिलेले पैसे आले. शेवटी गर्दीतून एक काळी बाई जिमकडं येते. तिच्या हातात मेलेलं मूल आहे.

जात-वंश मोडायला एक धूमकेतू पुरला असता, पण तो सगळीकडं पोचला नाही. इतकी कडू गोष्ट मी क्वचितच वाचली. वेल्सनं तळघर वरून वाकून पाहिलं, डु बॉइस तळघरातून वर चढत आला. फरक तुम्हीच ताडून बघा.

शेवटचं पुस्तक ऑक्टेव्हिया बटलरचं, 'किंड्रेड', १९७९. बाई स्वतः याला विज्ञानकथा म्हणत नव्हती, कारण यात यंत्रच नाही. मी मात्र ते 'टाइम मशीन'च्या शेजारी ठेवतो. वेल्सचा प्रवासी दांडा ओढून हौसेनं निघतो. बटलरच्या डेनाला कुणी विचारत नाही. १९७६ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये राहणारी ही काळी लेखिका भोवळ येऊन पडते आणि गुलामीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये जाते. रूफस नावाचा गोरा पोरगा मरायला टेकला की ती ओढली जाते, तिच्याच जिवावर बेतलं की परत येते. रूफस हा गुलामांच्या मालकाचा पोरगा, आणि डेनाचा पूर्वजही. तो आपलं मूल जन्माला घालण्याआधी मेला तर हिचा वंशच नाही. म्हणजे हिनं त्याला जगवायचं. इतकंच नाही, ॲलिस नावाच्या काळ्या बाईला त्याच्याकडं जा म्हणून समजवायचं कामही हिच्याच गळ्यात येतं. शेवटच्या फेरीतून ती डावा हात गमावून परतते. तिथून कुणी धड परत येत नाही.

आपल्यासाठी या पुस्तकात एक पात्र आहे, सारा. मालकाच्या घरची स्वैपाकीण. तिची तीन पोरं मालकानं विकली, घरात नवं सामान आणायला पैसे हवेत म्हणून. एक मुकी पोरगी तेवढी ठेवली. सारा पळत नाही, लढत नाही, पळण्याची गोष्टही काढू देत नाही. डेनाला आधी तिचा तिरस्कार वाटतो. मग तिथं दिवस काढल्यावर तिला कळतं, की मुकी पोरगी जपायची म्हणून ही बाई रोज किती गिळते.

बटलरची आई लोकांच्या घरी कामाला जायची, मागच्या दारानं आत शिरायची. बटलर पुढं कॉलेजात गेली तेव्हा चळवळीतला एक काळा तरुण म्हणाला होता, की आपल्याला मागं ठेवणारे हे म्हातारे मारून टाकावेसे वाटतात, पण सुरुवात आई-बापांपासून करावी लागेल. हे बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नाही. 'किंड्रेड' त्यातून निघालं. मित्रांनो, आपल्या बैठकांतून आपणही म्हाताऱ्यांबद्दल कसं बोलतो? जोहार घालत जगले, मान वर केली नाही, लाचार होते. ते वाकले तेव्हा त्यांच्या मागं कोण लपलेलं होतं, हे कधी विचारलंय? म्हाताऱ्यांची पूजा करा असं मी म्हणत नाही. त्यांना शिव्या घालण्याआधी हे पुस्तक वाचा, एवढंच म्हणतो.

कुठून सुरुवात करायची? माझं ऐकाल तर 'द कॉमेट'पासून. एका बैठकीत संपते. मग 'आर. यू. आर.' अभ्यासवर्गात पात्रं वाटून मोठ्यानं वाचा, नाटक असल्यानं इंग्रजी अंगावर येत नाही. मग वेल्स, मग बटलर. असिमॉव्ह प्रवासात. आणि हाच प्रश्न घेऊन मराठी विज्ञानकथाही तपासा. तिथं राबणारा कोण, त्याला नाव आहे का, त्याच्या तोंडी किती वाक्यं आहेत, हे मोजून कुणीतरी लिहा.

एक काम ताबडतोब होण्यासारखं आहे. डु बॉइस १९६३ साली वारला. आपल्याकडच्या कायद्यानं लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे 'द कॉमेट' मराठीत आणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ज्याचं इंग्रजी बरं आहे त्यानं भाषांतर करावं, आपल्या बोलीत करावं, आणि इकडं पाठवावं. स्टेन्सिल कापायला मी बसतो.