राग, वृंद आणि एक विस्मृत प्रयोग

वृंदवादन आणि समूहगान यांना आपल्या अभिजात संगीतात स्थान नाही, असे विधान आपल्या मंडळींत वारंवार ऐकू येते. राग ही एकट्याने करावयाची तपश्चर्या आहे, दहा जण मिळून ती होत नाही, असा या विधानामागील आशय असतो. हे मत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी एका जुन्या मैफलीची आठवण करून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

१९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ऐतिहासिक वास्तूतील दगडी चौकात अँथनी गोन्साल्विस यांनी ११० वादकांचा वृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्या वृंदासमवेत गायले. गोन्साल्विस मूळचे गोव्यातील माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी व्हायोलिनवादक आणि वाद्यसंयोजक म्हणून नाव मिळविले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गीतामुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले, पण नावामागील माणूस मात्र अपरिचितच राहिला.

आम्हांला येथे परीक्षण करावयाचे आहे ते त्या मैफलीच्या वादनाचे नव्हे, तर तिच्या मागील विचाराचे. गोन्साल्विस यांच्या रचनांत सारंग रागातील एक कॉन्चेर्तो आहे. ही निवडच मुळी बोलकी आहे. पाश्चात्त्य हार्मनीचा पाया म्हणजे तीन स्वरांचा संघात, आणि त्यांतही आधारस्वरावर उभा राहणारा षड्ज-गांधार-पंचम हा संघात. यमनासारखा राग घेतला असता तर हा संघात आयता हाती आला असता. सारंगाचे, म्हणजे ज्याला आपण सामान्यतः वृंदावनी सारंग म्हणतो त्याचे, तसे नाही. त्यात गांधार आणि धैवत वर्ज्य. षड्जावर संघात उभारावा तर मधला स्वरच नाही. उरतो तो केवळ षड्ज-पंचम, म्हणजे आपला तंबोरा! रागाच्या स्वरांतून पुरे संघात निघतात ते मोजकेच: उदाहरणार्थ, एक पंचम, शुद्ध निषाद आणि ऋषभ यांचा, दुसरा कोमल निषाद, ऋषभ आणि मध्यम यांचा. त्यातही शुद्ध निषाद आरोहाचा आणि कोमल निषाद अवरोहाचा, तेव्हा कोणता संघात कोठे योजावा हे रागाची चालच ठरविणार. सारांश, ज्याला सारंगाचे सारंगपण राखून वृंदरचना करावयाची आहे, त्याला पाश्चात्त्य व्याकरण जसेच्या तसे चालत नाही. त्याला नवे व्याकरण घडवावे लागते. ‘दोन संगीतांचे मीलन’ अशा सवंग शब्दांनी ज्या प्रयोगाची बोळवण होते, त्याच्या पोटात इतका कठीण प्रश्न दडलेला असतो.

या प्रश्नाचे दुसरे उत्तर मैहरला मिळाले होते. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीनंतर उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथील अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभारला. बंदुकांच्या नळ्यांपासून नलतरंग हे वाद्य बनविले. खाँसाहेबांनी हार्मनीचा हव्यास धरला नाही. अनेक वाद्यांनी मुख्यतः एकच गत वाजवावयाची, आणि वैचित्र्य साधावयाचे ते वाद्यांच्या नादभेदातून, लयीतून. राग अबाधित राहिला, आणि वृंदही टिकला.

तिसरे उत्तर तर आम्हां अभनपुरकरांच्या अंगणातच आहे. येथून जवळच असलेले चंपारण हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या पुष्टिमार्गातील हवेली-संगीतात मुख्य कीर्तनकार पद उचलतो आणि झेलिये ते झेलतात. साथीला पखवाज आणि झांज असते, आणि राग प्रहरानुसार व ऋतूनुसार ठरलेले असतात. आपल्या वारकरी भजनातील टाळकऱ्यांचे नाते याच्याशी जवळचे आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीही समूहगानाला सभामंचावर मान मिळवून दिला. एवढे असता अभिजात संगीतात समूहाला स्थान नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मग गोन्साल्विस यांचा प्रयोग रुजला का नाही? आमच्या मते दोष रागात नाही, हार्मनीतही नाही. ११० वादकांचा वृंद म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, महिनोगणतीच्या तालमी आणि वादकांचा नियमित चरितार्थ. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत पुष्कळ होते, पण त्यांचे पोट चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणावर भरत असे. मैहरला संस्थानिकाचा आश्रय होता, हवेलीला मंदिराचा. झेवियर्सच्या चौकातील वृंदामागे मात्र एका व्यक्तीची जिद्द होती, आणि जिद्दीला मासिक वेतन देता येत नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले. पंडित रविशंकरांचा सतारीचा पहिला कॉन्चेर्तो १९७१ मध्ये आला, तोही लंडनच्या वाद्यवृंदाबरोबर. मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वृंद २००६ साली स्थापन झाला, आणि झाकीर हुसेन यांचा तबल्याचा कॉन्चेर्तो त्याने २०१५ साली वाजविला. वाट दाखविणारा गोन्साल्विस २०१२ मध्ये गोव्यात निवर्तला.

परप्रांतांतील आपल्या मंडळांनी यातून एक गोष्ट घ्यावी. गणेशोत्सवात समूहगान असते ते कार्यक्रमाच्या आरंभी, पाहुणे स्थानापन्न होईपर्यंतची भरती म्हणून. त्याच दहा-पंधरा गळ्यांना वर्षभर एक सारंग नीट शिकविला, तर मोठा खर्च न करता एक खरे काम होईल. वृंद एका रात्रीत जमतो. टिकतो तो मात्र तालमीने.