गाडी का थांबली?

मंडळी, केन लोच यांचा ‘सॉरी वी मिस्ड यू’ (२०१९) हा सिनेमा डिलिव्हरीच्या धंद्यातल्या प्रत्येकाने बघावा. न्यूकॅसलचा रिकी बायकोची गाडी विकून व्हॅन घेतो आणि पार्सलं पोचवायला लागतो. हातातल्या स्कॅनरमुळे पार्सल कुठे आहे ते गिऱ्हाइकाला दिसतं. पण रिकी २ मिनिटं व्हॅनबाहेर राहिला की तेच यंत्र पीं-पीं करतं. म्हणून लघवीसाठी बाटली जवळ ठेवायची!

आता बघा, जीपीएसला कळतं काय? जागा आणि वेळ. गाडी उभी आहे हे कळतं. का उभी आहे, ते नाही. लिफ्ट बंद असेल, पत्ता चुकला असेल. हे विचारलं तर पुढच्या फेरीचा रस्ता सुधारतो, डिझेल वाचतं. न विचारता दंड लावला, तर माणूस नुसता धावत सुटतो.

लोच हे नेमकं दाखवतात. एक मात्र खटकतं. डेपोचा मॅनेजर मलोनी इतका कठोर रंगवलाय, की सगळा दोष त्याच्या स्वभावाचा वाटतो. वेळा ठरवणारे वरचे लोक पडद्यावर येतच नाहीत.

तुम्ही ट्रॅकर बसवणार असाल तर आधी एवढं विचारा: थांबण्याचं कारण नोंदवायची सोय त्यात आहे का, आणि ते वाचणार कोण?