दहा नोड गेले तर ठीक, पण लाईटच गेली तर?

मेश नेटवर्कवर संशोधन करायचा विचार असेल, तर ओमप्रकाश ज्ञवाली आणि सहकाऱ्यांचा ‘कलेक्शन ट्री प्रोटोकॉल’ हा २००९ चा पेपर वाचाच. कमी विजेवर चालणारे छोटे नोड एकमेकांचे निरोप पुढे सरकवत एका ठिकाणी पोचवतात. ते भरवशाने कसं करायचं, हा त्याचा विषय. तपासणी तब्बल १२ टेस्टबेडवर. एवढी मेहनत फार थोडे घेतात. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो : ६० मिनिटं नेटवर्क चालू दिलं आणि मग सगळ्यात जास्त निरोप वाहणारे १० नोडच काढून टाकले. निरोप पोचण्यात जवळपास काहीच फरक पडला नाही.

माझं भांडण या पेपरशी नाहीच. असे निकाल बघून आपण ‘मेश स्वतःला सावरते’ हे वाक्य उचलतो आणि स्मार्ट घराच्या प्रस्तावात जसंच्या तसं चिकटवतो, त्याच्याशी आहे.

आता बीडजवळच्या, बिंदुसरा धरणाशेजारच्या पालीत या. समजा, एका घरात आजी एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. आजींच्या गळ्यात बॅटरीवरचं मदतीचं बटण आहे, नेटवर्क थ्रेडचं. थ्रेडमध्ये बॅटरीवरचं उपकरण बहुतेक वेळ झोपलेलं असतं. ते दुसऱ्याचे निरोप वाहत नाही, एका ‘पालक’ राउटरला धरून राहतं. आणि राउटर कोण होतं? सहसा कायम विजेवर असणारे बल्ब आणि प्लग. रात्री लाईट गेली की बटण शाबूत, बॅटरी भरलेली, पण निरोप घ्यायला कोणीच नाही! त्या प्रयोगात १० नोड गेले तेव्हा बाकीचे जागे होते. इथे सगळे राउटर एकाच क्षणी जातात. सावरायला मागे उरतंच कोण?

‘इन्व्हर्टर आहे की,’ असं म्हणाल. पण इन्व्हर्टरची लाईन बऱ्याचदा दोन-तीन पंखे-दिव्यांपुरतीच ओढलेली असते. बॉर्डर राउटर तिच्यावर आणि मधल्या खोलीतला बल्ब नाही, की साखळी तुटली. त्यात घर जुनं, माळवदाचं असेल तर जाड भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार लांब जात नाही, म्हणजे पर्यायी मार्ग कागदावरच. (८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे आणि भिंतींतून बरा जातो, पण थ्रेड तिथे चालत नाही. असो.) शिवाय आपल्याकडे बल्बचं बटण भिंतीवर असतं. झोपताना आजींनी ते बंद केलं की एक राउटर गेला. याला वापरणाऱ्याची चूक म्हणणारे लोक मला भेटलेत. मी तिला डिझाइनची चूक म्हणतो.

म्हणून पेपरमध्ये भक्कमपणाचा आलेख दिसला, की किती नोड बंद केले यावर थांबू नका. कोणते नोड *एकत्र* बंद केले, ते शोधा. ते लिहिलेलं नसेल तर तुमच्या प्रस्तावाला जागा तिथेच आहे. प्रयोग महागडा नाही : घराच्या वायरिंगप्रमाणे नोडचे गट पाडा, एका लाईनवरचा अख्खा गट एकदम बंद करा, आणि बटण दाबल्यापासून निरोप पोचेपर्यंतचा वेळ मोजा. लाईट परत येऊन सगळे राउटर एकदम उठतात तेव्हाही मोजा. आणि कृपा करून नुसती सरासरी छापू नका. सगळ्यात उशिरा पोचलेला आणि अजिबात न पोचलेला निरोप आधी दाखवा.