कोणाची नाळ, हे न विचारणारे संशोधन

नाळेतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवरचा शोधनिबंध उघडला की पद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटते : पेशी अमुक कंपनीकडून विकत घेतल्या, अनेक दात्यांच्या एकत्र केलेल्या. माझा राग या वाक्यावर आहे. इथला दाता म्हणजे नुकतेच जन्मलेले बाळ. ते किती आठवड्यांचे होते, मुलगा की मुलगी, आईला ताप होता का, पाणमोट फुटून किती तास झाले होते, यातले बहुधा काहीच लिहिलेले नसते. आणि त्याच पेशींवर टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारे प्रथिन टाकून पन्नाशीतल्या माणसाच्या हृदयविकाराबद्दल निष्कर्ष काढले जातात.

१९७३ मध्ये जाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी वेगळ्या करून वाढवल्या, ते काम मोठेच होते. नाळेची शीर धुवायची, तिच्यात कोलॅजिनेज भरून दोन्ही तोंडे बंद करायची आणि काही मिनिटे उबेत ठेवायची. आतले अस्तर सुटते आणि बशीत फरसबंदीसारखे पसरते. दाह झाला की या अस्तरावर काही तासांत ई-सिलेक्टिन हे प्रथिन उगवते, मग आयकॅम आणि व्हीकॅम ही प्रथिने पांढऱ्या पेशींना चिकटवून घेतात, हे बोस्टनच्या जिम्ब्रोन-बेव्हिलॅक्वा मंडळींनी याच पेशींवर दाखवले. पण तिथून पुढे गर्भाची पेशी हे केवळ सोयीचे साधन होऊन बसले.

मला ज्या कामाने खरोखर भारून टाकले, ते वेगळे आहे. रोमेरो यांच्या गटाने १९९८ मध्ये गर्भाच्या रक्तातच इंटरल्युकिन-६ हे दाहाचे प्रथिन मोजले आणि ते मिलिलिटरमागे ११ पिकोग्रॅमच्या वर असलेल्या गर्भांना पुढे गंभीर आजारांचा धोका जास्त असतो, हे मांडले. दाहाला उत्तर देणारा गर्भ त्यामुळे स्वतःच रुग्ण म्हणून समोर आला. त्याचा पुरावा नाळेच्या कापात डोळ्यांनी दिसतो. पाणमोटीच्या पडद्यांत जमलेले न्यूट्रोफिल आईचे असतात, नाळेतले बाळाचे. ते बहुधा आधी शिरेच्या भिंतीत शिरतात, मग धमन्यांच्या, आणि पुढे नाळेतल्या व्हार्टनच्या जेलीतून संसर्ग झालेल्या गर्भजलाच्या दिशेने निघतात. ज्या अस्तराने त्यांना वाट दिली, त्याने न जन्मलेल्या जिवाच्या वतीने निर्णय घेतलेला असतो. म्युनिकच्या अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला : अकाली जन्मलेल्या बाळाचे न्यूट्रोफिल आणि हे अस्तर एकमेकांना पूर्ण दिवसांच्या बाळाइतके धरू शकतात का? नाही, ही पकड गर्भाच्या वयानुसार तयार होत जाते. म्हणजे बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळांच्या असलेल्या या विकतच्या पेशी अठ्ठाविसाव्या आठवड्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

या क्षेत्रातल्या बाकी नव्या कामाने मला तसे भारावलेले नाही. चिपवर वाढवलेल्या रक्तवाहिन्या देखण्या आहेत, एवढेच. एकेका पेशीच्या जनुकांचे नकाशे अजून नकाशेच आहेत.

आता आपल्याकडे येऊ. प्रयोगात दाह पेटवायला बहुधा ई. कोलायचे शुद्ध केलेले एंडोटॉक्सिन वापरतात. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजातांच्या रक्तात सर्वाधिक सापडले ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, तेही अनेक औषधांना न जुमानणारे. मग इथल्या बाळाचे अस्तर या जंतूंना काय उत्तर देते, हे कोण पाहणार? साखर कारखान्यासाठी उसाच्या फडावर सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहिलेल्या, हिमोग्लोबिन खालावलेल्या बीड-जालन्याच्या बाईची नाळ कोणत्याही कंपनीच्या कुपीत नाही. आपल्या मातीतून मोठे काम होत नाही, असे कोणी म्हणू नये. डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मोजमापे घेऊनच वजनाने हलकी पण चरबी जास्त असलेली बाळे जगाला दाखवली. बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीत नवजातांचा जंतुदोष गावातच ओळखून त्यावर उपचार केले, आणि १९९९ च्या त्या निबंधाने देशोदेशींची धोरणे बदलली. दोघांनीही आपल्या दारातला प्रश्न घेतला होता.

छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणतो. एमजीएम आहे, विद्यापीठ आहे. मराठवाड्यातल्या अनेक अडलेल्या बाळंतिणी या शहरात येतात. तरीही आपल्या राज्यात बहुतेक ठिकाणी वार आणि नाळ पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातात. माझी मागणी महागड्या यंत्राची नाही. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची वार फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे जावी. नाळेचे दोन काप, पडद्यांची एक गुंडाळी, वारेचे तीन तुकडे आणि कुठल्याही जिल्हा रुग्णालयात असतो तो नेहमीचा रंग, इतकेच लागते. मनुष्यबळ नाही, हे उत्तर मी मान्य करत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात, आणि तेच ते घासलेले विषय दरवर्षी मंजूर होतात. आणि वारेची ही तपासणी केवळ शोधनिबंधासाठी नाही. अहवाल काही दिवसांत येऊ शकतो. तेव्हा ते बाळ अजून पेटीतच असते, आणि त्याचे अँटिबायोटिक चालू ठेवायचे की थांबवायचे, हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात ठरवायचे असते.